कुठली श्यामची आई?

मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. चूक तशी अगदी लहान होती. मापाने सांगायचे तर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. दोन चिमुकल्या खुणा करायला मी विसरलो, एवढेच. पण तेवढ्यामुळे माझा एक मित्र आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आणि त्याचे काहीच चुकले नव्हते.

मी तेव्हा सातवीत होतो. दिवाळीची सुट्टी लागण्याआधी आमच्या मराठीच्या बाईंनी सांगून ठेवले होते, “प्रत्येकाने सुट्टीत एक तरी पुस्तक वाचायचं आणि त्याच्याबद्दल दोन-चार ओळी लिहून आणायच्या. आपण भित्तिपत्रक करू.” शाळा सुरू झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या ओळी आणल्या. माझे अक्षर वर्गात बरे होते, म्हणून मोठ्या कागदावर ते सगळे उतरवायचे काम माझ्याकडे आले. मी पण खूश! वर लाल शाईने ‘सुट्टीतले वाचन’ असे मथळ्याचे शब्द काढले, बाजूने वेलबुट्टी काढली, आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावर शेवटी स्वतःच्या ओळी लिहिल्या. त्या जशाच्या तशा इथे देतो:

श्यामची आई म्हणजे नुसती रडारड. मला अजिबात आवडली नाही. त्यापेक्षा फास्टर फेणे कितीतरी बरा.

आता खरे सांगू का? साने गुरुजींचे ते पुस्तक वाचताना मीच उशीत तोंड खुपसून रडलो होतो. ते कुणाला कळू नये म्हणून मी असे ऐटीत लिहिले. मोठेपणाचा आव, दुसरे काय!

कागद व्हरांड्यात लागला. मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर गर्दी झाली. आणि आठवीतल्या एका मुलाने मोठ्यांदा वाचले, “श्यामची आई म्हणजे नुसती रडारड!” दोघे-तिघे फिदीफिदी हसले आणि त्यांनी मागे वळून पाहिले.

मागे श्याम उभा होता. आमच्या वर्गातला श्याम. त्याचे वडील त्याच पावसाळ्यात वारले होते. त्याची आई नादारीचा अर्ज घेऊन, म्हणजे फी माफ व्हावी असा अर्ज घेऊन, एकदा शाळेत आली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, त्याच व्हरांड्यात, तिला रडू आवरले नव्हते. आम्ही सगळ्यांनी ते खिडकीतून पाहिले होते.

श्यामने तो कागद वाचला. तो काही बोलला नाही. त्याने डबा बंद केला आणि वर्गात जाऊन दुसऱ्या बाकावर बसला. मला काही उलगडाच होईना. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला त्या कागदासमोर उभे केले.

“हे तू लिहिलंस?”

“हो बाई. पुस्तकाबद्दल लिहिलंय.”

“पुस्तक? यात पुस्तक हा शब्द कुठे आहे?”

मी वाचले. पुन्हा वाचले. आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या ओळीत पुस्तक कुठेच नव्हते. होती ती फक्त श्यामची आई.

बाईंनी टेबलावरचे लाल पेन माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, “नावाला कुंपण घाल.” मी ‘श्यामची आई’ या दोन शब्दांच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक खूण केली. बस्स, एवढेच! बाईसाहेबांचे पुस्तक झाले. पण बाई म्हणाल्या, “खूण झाली. पण काम संपलेलं नाही. आज संध्याकाळी श्यामच्या घरी जाऊन ये.”

मी गेलो. तिथे काय झाले ते शेवटी सांगतो. त्याआधी या कुंपणाची थोडी ओळख करून घेऊ.

व्याकरणाच्या पुस्तकात या खुणांना अवतरणचिन्हे म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती दोन तऱ्हेची असतात. दुहेरी आणि एकेरी. कुणाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असले, की दुहेरी. आणि एखादा शब्द किंवा नाव बाकीच्या वाक्यापासून वेगळे काढून दाखवायचे असले, की एकेरी. बोलणाऱ्याच्या वाक्यातच पुस्तकाचे नाव आले तर? तर बाहेर दुहेरी आणि आत एकेरी. म्हणजे असे: “मी ‘श्यामची आई’ वाचलं,” राजू म्हणाला. (इंग्रजी पुस्तकांत, विशेषतः इंग्लंडमध्ये छापलेल्या, पुष्कळदा याच्या बरोबर उलट दिसेल. बाहेर एकेरी आणि आत दुहेरी. गोंधळून जाऊ नका.)

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकाच्या नावाला एवढे कुंपण कशाला? तर गंमत अशी आहे, की आपल्याकडे पुस्तकांची आणि वर्तमानपत्रांची नावे म्हणजे अगदी रोजच्या वापरातले शब्द असतात. इंग्रजीत निदान मोठ्या लिपीतले अक्षर आणि लहान लिपीतले अक्षर असा फरक आहे. नाव आले की पहिले अक्षर मोठे. आपल्या देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही. राजाचा ‘र’ आणि रद्दीचा ‘र’ सारखाच! त्यामुळे आपल्याला ही खूण जास्तच लागते.

ही वाक्ये बघा.

बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत दर्पण काढले. दर्पण म्हणजे आरसा. कुठून काढले? खिशातून? छे छे! ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र.

लोकमान्य टिळकांनी केसरी चालवला. केसरी म्हणजे सिंह. सर्कशीत की काय? अहो, १८८१ साली पुण्यात सुरू झालेला ‘केसरी’!

आज सकाळ उशिरा आला. सूर्य झोपून राहिला वाटते! नाही. १९३२ सालापासून निघणारा ‘सकाळ’ टाकणाऱ्या मुलाची सायकल पंक्चर झाली असेल.

मला बालकवी आवडतात. म्हणजे कविता करणारी लहान मुले? की त्र्यंबक बापूजी ठोमरे, ज्यांनी ‘बालकवी’ या नावाने कविता लिहिल्या ते? टोपणनावालाही असे कुंपण घालतात ते याचसाठी.

विक्रांत नौदलात दाखल झाल्याची बातमी कळली. शेजारचा विक्रांतदादा भरती झाला, की ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका, जी २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली ती?

आणि हे तर मी स्वतः ऐकले आहे. पुण्याच्या स्टेशनवर एक काका फोनवर सांगत होते, “अहो, सिंहगड गेला!” शेजारी बसलेल्या आजी दचकल्याच. गेली होती ती मुंबईची ‘सिंहगड एक्स्प्रेस’. किल्ला आपल्या जागीच होता.

पण मग पूर्वी काय करत असत? जुन्या पोथ्या तुम्ही पाहिल्या आहेत का? त्यांत ओळ संपली की एक उभा दंड, श्लोक किंवा ओवी संपली की दोन दंड. बाकी काही नाही. मोडी लिपीतली जुनी पत्रे तर विचारूच नका. शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, शब्दांमध्ये जागासुद्धा नाही! अवतरणचिन्हांचे काम तेव्हा शब्दच करत. संस्कृतात बोलणाऱ्याचे शब्द संपले की ‘इति’ येते. आपण मराठीत “असे म्हणाला” म्हणतो, “नावाचा” म्हणतो, “म्हणून एक गाव होते” म्हणतो. हे सगळे शब्दांचे कुंपणच.

पुढे छापखाने आले, इंग्रजी पुस्तके आली, आणि त्यांच्याबरोबर स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी आली. मराठीत ही चिन्हे रूढ करण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज माणसाला देतात. त्याचे नाव मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या प्रसिद्ध मराठी कोशाच्या कामातही त्याचा हात होता. म्हणजे आपली अवतरणचिन्हे पाहुणी म्हणून आली, आणि आता घरचीच झाली.

इंग्रजीत नाव वेगळे दाखवण्याची आणखी एक रीत आहे. तिरप्या अक्षरांची. त्याला इटालिक म्हणतात, कारण ती अक्षरे इटलीतली. व्हेनिस शहरात आल्डस मॅन्युशियस नावाचा एक मुद्रक होता. विद्वान मंडळी हाताने भरभर लिहीत तशा वळणाचे तिरपे खिळे त्याने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून करून घेतले, आणि १५०१ साली व्हर्जिल या रोमन कवीचे एक लहानसे पुस्तक सबंध त्या अक्षरांत छापले. तेव्हा ती अक्षरे सबंध पुस्तकासाठी होती. नंतर कधीतरी सरळ अक्षरांच्या गर्दीत एखादा शब्द वेगळा दाखवायला त्यांचा उपयोग होऊ लागला.

इंग्रजीत यावर बसवलेला एक नियम तुम्हाला शाळेत उपयोगी पडेल. जे पूर्ण आहे, स्वतंत्र आहे, त्याचे नाव तिरपे. पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र, चित्रपट, जहाज. आणि जे त्यातला एक भाग आहे, त्याला अवतरणचिन्हे. संग्रहातली एक कविता, मासिकातला एक लेख, पुस्तकातले एक प्रकरण. घर तिरपे आणि खोली कुंपणात, असे लक्षात ठेवा. बायबल, कुराण, भगवद्गीता अशा धर्मग्रंथांची नावे मात्र सहसा सरळच ठेवतात. आणि हाताने लिहिताना? हाताने तिरपे अक्षर काढत बसायचे नाही. नावाखाली सरळ रेघ मारायची. पूर्वी लेखकाने रेघ मारली, की छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर समजायचा, हे तिरप्या टाइपात घ्यायचे. इंग्रजीच्या बाई पुस्तकाच्या नावाखाली रेघ मारायला सांगतात, ती रेघ अशी छापखान्यातून आलेली आहे.

देवनागरीत मात्र तिरप्या अक्षरांची जुनी परंपरा नाही. आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली. त्यांना तिरपे केले की वाऱ्याने कललेल्या दोरीवरच्या कपड्यांसारखी दिसतात. आता संगणकावर एक बटण दाबले की मराठी अक्षरेही कलतात, आणि काही ठिकाणी तशी छापतातही. पण मराठीत नावासाठी एकेरी अवतरणचिन्ह हीच रुळलेली वाट आहे. आपण पुस्तकालाही तेच लावतो आणि प्रकरणालाही तेच. मग घर कुठले आणि खोली कुठली हे कसे कळणार? ते शब्दांनी सांगायचे: ‘श्यामची आई’ या पुस्तकातले ‘मुकी फुले’ हे प्रकरण. आणि हे शब्द कधी विसरू नयेत, कारण ‘श्यामची आई’ हे नुसते पुस्तक नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. म्हणजे कुंपण घातले तरी आत कोण आहे, पुस्तक की चित्रपट, हे सांगायला लागतेच.

आता एक खास मराठी भानगड. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय लागतात आणि शब्द वाकतो. चाळ, पण चाळीत. आई, पण आईच्या. ‘बटाट्याची चाळ’ हे पु. ल. देशपांड्यांचे पुस्तक आहे. तुम्ही लिहिलेत, “सुट्टीत मी बटाट्याच्या चाळीत रमलो,” तर वाचणाऱ्याला वाटेल, हा मुलगा सुट्टीत मामाच्या चाळीत राहायला गेला होता! म्हणून दोन गोष्टी पाळा. एक, नाव शक्यतो वाकवू नका. पुस्तकाच्या पाठीवर जसे छापले आहे तसेच लिहा आणि पुढे ‘या पुस्तकात’, ‘या नाटकात’, ‘या मासिकात’ असा शब्द जोडा. दुसरी, प्रत्यय लावायचाच असेल तर तो कुंपणाच्या बाहेर लावा आणि चिकटून लावा: ‘केसरी’त, ‘सकाळ’मध्ये, ‘दर्पण’चा. कुंपण नावाला आहे. प्रत्यय नावाचा नाही, तुमच्या वाक्याचा आहे.

कुंपण कुठे घालू नये, तेही सांगतो. कारण एकदा ही खूण हाताला लागली, की काही जण सगळीकडेच घालत सुटतात. माणसाच्या खऱ्या नावाला ती लागत नाही. गावाला, नदीला, डोंगराला लागत नाही. निबंधाच्या वर तुम्ही स्वतः मथळा देता, त्याला लागत नाही. आणि नुसती शोभा म्हणून तर मुळीच नाही. एका दुकानावर मी पाटी पाहिली होती, ‘ताजे’ दूध मिळेल. वाचून मला ते दूध घ्यावेसे वाटेना! कारण साध्या शब्दाला उगाच अवतरण घातले, की त्याचा अर्थ होतो ‘म्हणे ताजे’. मैत्रिणीला वाढदिवसाच्या कार्डावर लिहून बघा, माझ्या ‘हुशार’ मैत्रिणीस. ती दुसऱ्या दिवशी भांडायला येते की नाही पाहा.

यावर तुमच्यापैकी एखादा म्हणेल, “पण वाचणाऱ्याला कळतंच की! फास्टर फेणेला कुठे कुणी चुकलं?” बरोबर आहे. माझ्या त्या कागदावर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेलाही कुंपण नव्हते, आणि कुणाचाच घोटाळा झाला नाही. कारण आमच्या वर्गात फेणे नावाचे कुणी नव्हते. श्याम मात्र होता. बोलताना एक सोय असते. ऐकणारा समोर असतो, त्याच्या चेहऱ्यावर काही दिसले तर आपण पटकन म्हणू शकतो, “अरे, पुस्तक म्हणतोय मी!” लिहिताना तसे नसते. कागद भिंतीवर लागतो आणि आपण निघून जातो. तो कोण वाचणार, त्याच्या घरात काय चालले आहे, कुठला शब्द त्याला कुठे लागेल, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून खूण नेहमी करायची. ज्याला गरज नाही त्याचे काही बिघडत नाही.

बरे, आता श्यामच्या घरची गोष्ट.

मी संध्याकाळी वाचनालयातून ते पुस्तक पुन्हा घेतले आणि गेलो. श्यामची आई शिवणयंत्रावर काहीतरी शिवत होती. श्याम दारातच उभा राहिला. आत ये म्हणाला नाही. मी पुस्तक पुढे केले आणि म्हणालो, “मी ह्याच्याबद्दल लिहिलं होतं. तुझ्या आईबद्दल नाही. आईशप्पथ नाही.”

श्यामने पुस्तकाचे मुखपृष्ठ बराच वेळ न्याहाळले. मग म्हणाला, “पण इथं तरी कुठं खुणा आहेत?”

खरेच की! मुखपृष्ठावर नाव होते, पण अवतरणचिन्हे नव्हती. मी गडबडलो. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आज येते. मुखपृष्ठावर त्या लागतच नाहीत. तिथे नाव एकटेच असते, दुसऱ्या शब्दांच्या गर्दीत नसते, मग कुंपण कशाला?

तेवढ्यात यंत्र थांबले. श्यामची आई उठून आली. तिने पुस्तक हातात घेतले, नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, श्यामकडे पाहिले, आणि सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. मला वाटले, आता ही रागावणार. पण ती हसली. म्हणाली, “होय रे, आहे मी जरा रडकी. हे ठेव इथं. बघते तरी, ही दुसरी किती रडते ते.”

मी “माझं चुकलं, काकू” म्हणालो. त्या म्हणाल्या, “बस, चहा टाकते.” श्याम माझ्या शेजारी बसला, पण त्या दिवशी बोलला नाही.

आठ दिवसांनी त्याने शाळेत पुस्तक परत आणून दिले. वाचनालयाची तारीख उलटून गेली होती. दंड मी आनंदाने भरला. मग तो व्हरांड्यात गेला. लाल पेन त्याने बाईंकडून मागून आणले होते. माझ्या ओळींच्या खाली थोडी जागा उरली होती, तिथे त्याने त्याच्या बारीक अक्षरात एक ओळ लिहिली:

‘श्यामची आई’ श्यामच्या आईला फार आवडली.

कुंपण बरोबर पहिल्या दोन शब्दांना, आणि नंतरची श्यामची आई मोकळी! बाईंनी ते वाचले आणि त्या मनापासून हसल्या. त्या मधल्या सुट्टीत श्याम डबा घेऊन माझ्या बाकावर येऊन बसला.

मित्रांनो, ती ओळ आता वहीत उतरवून घ्या. मग त्या दोन खुणा खोडा आणि पुन्हा वाचा. नंतर तशीच आणखी दोन-तीन वाक्ये तुमची तुम्ही तयार करा आणि रात्री जेवताना आईबाबांना विचारा, यातले नाव कुठले आणि माणूस कुठला?